जोत्याखालचा हिशेब

भंडारा जिल्ह्यातील धानउत्पादक शेतकऱ्याला त्याच्या शिवाराविषयी विचारावे. तो सर्व जमिनीला एकच नाव देऊन थांबत नाही. उंचवट्यावरची, खडे-मुरमाची ती बरडी. तिच्याखाली उतारावरची पिवळसर, रेताड ती सिहार. आणखी खाली मोरंड. आणि सर्वांत सखल, तलावाच्या व नाल्याच्या अंगाची, काळी, चिकट, उन्हाळ्यात भेगाळणारी ती कन्हार. या चार नावांत चार प्रकारची शेती आणि चार प्रकारचे उत्पन्न सामावलेले आहे. ही नावे सरकारदरबारीही ठाऊक होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मध्य प्रांतात जमाबंदी झाली, तेव्हा शेताची माती कोणत्या वर्गातली हे पाहून, तिच्या कसाप्रमाणे साऱ्याचे माप ठरविण्यात आले. वसुली करावयाची होती तेव्हा राज्यसंस्थेने मातीमातीत काटेकोर फरक केला.

आज त्याच शिवारात शाळेच्या दोन खोल्या, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र किंवा समाजमंदिर बांधावयाचे ठरते, तेव्हा मात्र हा फरक नाहीसा होतो. एक नमुना नकाशा असतो, प्रति चौरस मीटर एक ठोकळ दर असतो, योजनेने ठरवून दिलेली एक ठराविक रक्कम असते, आणि बरडीवरच्या गावाला जेवढी तेवढीच कन्हारीवरच्या गावाला मिळते. वरवर पाहता यात समता आहे. प्रत्यक्षात ती विषमताच आहे, कारण ज्या गावाची जमीन वाईट त्या गावाच्या वाट्याची भिंत, फरशी, संडास आणि पाण्याची टाकी ही जोत्याच्या खाली गाडली जाते. घेताना माती पाहावयाची आणि देताना ती पाहावयाची नाही, हा कोणता न्याय?

प्रश्न तांत्रिक आहे, तो अभियंत्यांवर सोपवावा, असे म्हणून कार्यकर्ते बहुधा या विषयापासून दूर राहतात. पाया किती खोल घ्यावा हे अर्थातच अभियंत्याने ठरवावयाचे. परंतु पायाचा खर्च अंदाजपत्रकात केव्हा आणि कोणत्या माहितीवर धरावयाचा, चुकीचा भुर्दंड कोणी सोसावयाचा आणि जागा कोणी निवडावयाची, हे प्रश्न अर्थकारणाचे व राजकारणाचे आहेत. त्यांची उत्तरे देण्याचे टाळले, तर ती दुसरे कोणीतरी आपल्या सोयीने देते.

वाईट जमीन सार्वजनिक का होते?

जुनी गावठाणे साधारणतः उंच, कठीण भुईवर वसलेली आहेत. ज्यांनी ती वसविली त्यांच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती, पण पावसाळ्यात पाणी कोठे साचते आणि विहीर खणताना मुरूम किती हातांवर लागतो हे त्यांना माहीत होते. याच जिल्ह्यात कोहळी समाजातील जाणकारांनी तलावांच्या पाळी कोठे घालावयाच्या हे जमिनीचा उतार व माती पाहून ठरविले. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आल्यावर माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच लोकांच्या तोंडचे मामा तलाव, शासनाकडे आले. तलाव आले, परंतु ते ज्या ज्ञानावर उभे होते ते ज्ञान कोणत्याही दप्तरात जमा झाले नाही.

गावठाणात आता मोकळी जागा उरलेली नाही. मग सार्वजनिक इमारतीसाठी जागा कोठून येते? एक तर ती गावाबाहेरची शासकीय जमीन असते, आणि जी जमीन कोणीही कसण्यासाठी घेतली नाही तीच बहुधा शासकीय राहिलेली असते. नाही तर ती दान म्हणून मिळते. दात्याची भावना कितीही उदात्त असो, दान देताना माणूस धानाची उत्तम बांधी देत नाही; पाणी साचणारा कोपरा देतो. तिसरा मार्ग खरेदीचा किंवा संपादनाचा. त्याला पैसा लागतो आणि वेळ लागतो. म्हणून फुकटची जमीन पाहून सर्वांना आनंद होतो. पण अशा जमिनीची किंमत शून्य नसते. ती पायाच्या खर्चात दडलेली असते. बाजारात जमिनीचा भाव कमी असण्याला कारण असते, आणि ते कारण इमारत उभी राहिल्यावर आपले देणे वसूल करते.

तेव्हा ‘अमुक गावाला जमीन मोफत मिळाली’ या विधानाचा आर्थिक अर्थ, जमिनीची किंमत एका लेखाशीर्षातून काढून दुसऱ्या लेखाशीर्षात टाकली, एवढाच असू शकतो. फरक इतकाच की जमिनीची किंमत ग्रामसभेत बोलली जाते आणि पायाची किंमत बोलली जात नाही.

हलक्या इमारतीची शोकांतिका

काळ्या मातीचे वर्तन समजून घेतल्याशिवाय या प्रश्नाचे गांभीर्य कळत नाही. या मातीतील मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज पाणी शोषून फुगते आणि वाळले की आकसते. भंडाऱ्यासारख्या प्रदेशात चार महिने धो धो पाऊस आणि मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत जाणारे तापमान, यांमुळे ही फुगण्या-आकसण्याची क्रिया दरवर्षी नेमाने घडते. इमारतीच्या कडेची माती आधी भिजते व आधी वाळते, मध्यभागाची मागाहून. त्यामुळे इमारतीचा एक भाग उचलला जातो तेव्हा दुसरा जागच्या जागी असतो. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते, दाराची चौकट अडकते, जमिनीचा कोबा मधोमध फुगतो.

येथे एक गोष्ट सामान्य समजुतीच्या उलट आहे. मोठी, वजनदार इमारत वाईट जमिनीवर धोक्याची आणि लहान इमारत निर्धोक, असे कोणालाही वाटेल. फुगणाऱ्या मातीच्या बाबतीत ते खरे नाही. फुगताना माती वर जो दाब देते, त्याला इमारतीच्या वजनाने तोंड द्यावयाचे असते. तीन-चार मजली कार्यालय आपल्या भाराने तो दाब पुष्कळसा दाबून धरते. एकमजली शाळाखोलीला, अंगणवाडीला, घरकुलाला तेवढे वजनच नसते. माती तिला सहज उचलते. म्हणजे सर्वांत अधिक काळजी जिच्या पायाची घ्यावयास हवी, तीच इमारत सर्वांत स्वस्त मानली जाते, आणि स्वस्त म्हणून तिच्या जागेची तपासणी होत नाही. जिल्हा मुख्यालयातील कचेरीखाली बोअर घेतले जाते. खेड्यातील शाळेखाली कुदळ मारल्यावर जे लागेल ते खरे.

यावर उपाय माहीत नाहीत असे नाही. रुडकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेत पन्नासच्या दशकापासून, तळाशी कांद्यासारखा फुगवटा असलेल्या खांबांच्या पायावर काम झाले. अभियंते त्याला अंडर-रीम्ड पाइल म्हणतात. ऋतूप्रमाणे ओलावा बदलतो त्या थराच्या खाली, सुमारे साडेतीन मीटर वा अधिक खोल, हा खांब पोहोचतो आणि फुगवट्यामुळे जमिनीत पक्का रुततो. त्याची भारतीय मानक संहिताही दीर्घकाळ उपलब्ध आहे. तिची सुधारित आवृत्ती १९८० ची. मुंबईच्या आय. आय. टी.त प्रा. आर. के. कट्टी यांनी सत्तरच्या दशकात दाखवून दिले, की काळ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा पुरेसा जाड थर दिला, तर खालच्या मातीचे फुगणे आवरता येते. अशा गुणाचा मुरूम पुष्कळदा त्याच तालुक्यात मिळतो. मात्र तो पारखून घ्यावा लागतो. कसलाही मुरूम किंवा नुसती वाळू भरून हे साधत नाही, उलट वाळूच्या थरात पाणी साठून राहते. ज्ञान आहे, साहित्य आहे. नाही ते अंदाजपत्रक तयार होण्याच्या वेळी या ज्ञानाला विचारण्याची पद्धत.

अंदाज आधी, माहिती नंतर

सार्वजनिक बांधकामाची चाकोरी साधारणतः अशी. प्रथम क्षेत्रफळाला ठोकळ दराने गुणून ढोबळ अंदाजपत्रक होते. त्यावर प्रशासकीय मान्यता मिळते व रकमेची मर्यादा ठरते. मग दरसूचीप्रमाणे तपशीलवार अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, निविदा, कार्यादेश. आणि सर्वांत शेवटी खोदाई. जमीन आपले स्वरूप प्रकट करते ती या शेवटच्या पायरीवर, जेव्हा रक्कम ठरलेली असते, कंत्राट दिलेले असते आणि नारळही फुटलेला असतो. दरसूचीत माती, मऊ मुरूम, कठीण मुरूम, मऊ खडक, कठीण खडक असे खोदाईचे वेगवेगळे दर असतात. परंतु कोणते किती घनमीटर निघेल हे आधी खणून पाहिल्यावाचून लिहिलेले असेल, तर त्या आकड्यांना अंदाज म्हणणे हा शब्दाचा सैल वापर आहे. विशेष पायासाठी जादा तरतूद करता येत नाही असेही नाही. पण ती मागण्यासाठी मातीचा अहवाल लागतो, आणि अहवालासाठी लागणारा पैसा मान्यता मिळाल्यानंतर येतो. असे हे चक्र आहे.

या अज्ञानाचा लाभ कोणाला होतो, याचाही विचार केला पाहिजे. ज्याने शेजारच्या शेतात विहीर खणली आहे त्या कंत्राटदाराला खाली काय आहे हे ठाऊक असते. निविदा काढणाऱ्याला नसते. बाबवार दराच्या निविदेत, ज्या बाबीचे परिमाण पुढे वाढणार हे त्याला कळले आहे तिचा दर तो चढा भरतो आणि जिचे कमी होणार तिचा उतरता. बेरीज सर्वांत कमी दिसते, काम त्याला मिळते, आणि मोजमाप पुस्तिकेत खोदाई व भरणी वाढत जाते. त्यात बेकायदा काही नाही. दोन पक्षांपैकी एकाला माहिती असते व दुसऱ्याला नसते, तेव्हा बाजार असाच वागतो. उलट, ज्या प्रामाणिक लहान कंत्राटदाराला माहिती नसते तो खोल कन्हारीत अडकतो आणि आपला तोटा भरून काढण्यासाठी सिमेंटमध्ये हात आखडतो. दोन्ही प्रकारांत बिल गावाच्या नावावर फाटते.

सुधारित अंदाजपत्रक कोणाच्या नशिबी?

अंदाज चुकणे हा केवळ लहान कामांचा दोष नव्हे. याच जिल्ह्यात पवनी तालुक्यातील गोसीखुर्द प्रकल्प पाहा. १९८३ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा त्याचा खर्च सुमारे ३७२ कोटी रुपये धरला होता. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याचे भूमिपूजन झाले. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला, तोपर्यंत खर्चाचा आकडा ७,७०० कोटींच्या पुढे गेला होता, आणि पुढील सुधारणेत तो १८,००० कोटी रुपये ओलांडून गेला. या वाढीची कारणे अनेक आहेत: महागाई, भूसंपादन, पुनर्वसन, विलंब, कामाच्या व्याप्तीतील बदल. ती सर्व पायाच्या खोदाईवर लोटणे अप्रामाणिकपणाचे होईल. येथे मुद्दा निराळा आहे. मोठ्या प्रकल्पाचा अंदाज चुकला तर सुधारित प्रशासकीय मान्यता मिळते, पुन्हा मिळते, आणखी एकदा मिळते. दोन खोल्यांच्या शाळेचा अंदाज चुकला तर तसे घडत नाही. तिची रक्कम योजनेने बांधून दिलेली असते, आमदार-खासदार निधीचा तुकडा ठरलेला असतो, आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपावयाचे असते. मग सुधारणा होते ती अंदाजपत्रकात नव्हे, इमारतीत.

ती कशी होते हे एका काल्पनिक हिशेबाने पाहता येईल. समजा, एका इमारतीसाठी १०० भाग रक्कम मंजूर आहे. चांगल्या मुरमावर जोत्यापर्यंतचे काम १५ भागांत होते व वर ८५ भाग उरतात. खोल कन्हारीवर तेच काम ३० भाग खाते व वर ७० उरतात. पायाचा खर्च वाढला १५ भागांनी. पण वरची इमारत ८५ वरून ७० वर आली, म्हणजे जवळजवळ १८ टक्क्यांनी घटली. छप्पर तर कमी करता येत नाही. म्हणून कात्री लागते ती व्हरांड्याला, संडासाला, नळजोडणीला, आणि शेवटी इमारतीभोवतीच्या फरसबंदीला व गटाराला. काळ्या मातीवर पावसाचे पाणी भिंतीच्या बुडाशी मुरू न देणे हाच पहिला बचाव असतो. म्हणजे पाया महाग पडला म्हणून नेमकी तीच गोष्ट कापली जाते, जी त्या पायाला वाचविणार होती. पुढे चार-पाच पावसाळ्यांत भिंती चिरतात. तोवर कंत्राटदाराचा दोषदायित्वाचा कालावधी बहुधा उलटलेला असतो, आणि दुरुस्तीसाठी ग्रामपंचायतीकडे किंवा शाळा व्यवस्थापन समितीकडे पैसा नसतो.

न दिसणाऱ्या खर्चाची अशी उपेक्षा काय करू शकते, याची आठवण या जिल्ह्याला कोणी करून देण्याची गरज नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षात आग लागली आणि दहा बालके दगावली. त्या दुर्घटनेचा पायाशी काही संबंध नव्हता, आणि तिची कारणे येथे तपासावयाची नाहीत. पण त्यानंतर राज्यभरातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेच्या तपासणीचे आदेश निघाले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. उद्घाटनाच्या दिवशी जे पाहुण्यांना दाखविता येत नाही, त्याची तपासणी करण्याची सवय आपल्या व्यवस्थेला अपघातानंतर लागते. पाया हा तर सर्वांत न दिसणारा.

एक प्रामाणिक आक्षेप

या विवेचनावर एक आक्षेप येईल, आणि तो विरोधकांकडून नव्हे, तर कार्यकर्त्यांकडूनच येईल. खरा खर्च आधी कळला तर खेड्यातील इमारत कधी मंजूरच होणार नाही. थोडे खोटे बोलून काम सुरू करावे, एकदा पाया भरला की शासनाला ते पुरे करावेच लागते. वर्षानुवर्षे उंबरठे झिजवून एक वर्गखोली मिळविणाऱ्या माणसाचा हा अनुभव आहे; तो हसण्यावारी नेऊ नये. अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९६७ मध्ये विकास प्रकल्पांवरील आपल्या पुस्तकात याच युक्तिवादाला ‘लपलेला हात’ असे नाव दिले होते. अडचणी आधी दिसत नाहीत म्हणून माणूस कामाला हात घालतो, आणि अडचणीत सापडल्यावर आपल्या अंगचे कौशल्य त्याला सापडते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय.

हा युक्तिवाद एका अटीवर टिकतो: अडचण आल्यावर ती निस्तरण्याची साधने हाताशी असली पाहिजेत. गोसीखुर्दसारख्या प्रकल्पाला ती असतात. त्याच्या पाठीशी शासनाची प्रतिष्ठा असते. लहान गावातील शाळेला ती नसतात. तिच्या बाबतीत लपलेला हात कौशल्य पुरवीत नाही, तो निकृष्ट काम पुरवितो. शिवाय कमी खर्च दाखवून मिळविलेली मंजुरी पुढच्या गावावर अन्याय करते. कन्हारीवरची इमारत १०० भागांत होते असे कागदोपत्री सिद्ध झाले की पुढच्या वर्षीचा दरही तोच राहतो, आणि वाईट जमिनीला अधिक पैसा लागतो ही गोष्ट शासनाच्या आकडेवारीत कधीच उमटत नाही. खोट्या अंदाजाने एक खोली मिळते आणि शंभर खोल्यांचा हक्क जातो.

दुसरा आक्षेप विलंबाचा व खर्चाचा. जागेची तपासणी हा श्रीमंत देशांचा थाट आहे, असे म्हटले जाते. पुन्हा एका काल्पनिक उदाहरणाचा आधार घ्यावा. तीन गावांत तीन इमारती आहेत, प्रत्येकी १०० भागांच्या. त्यांपैकी एक खोल कन्हारीवर आहे, पण कोणती ते ठाऊक नाही. तिन्ही ठिकाणी खोल पाया घेतला तर ४५ भाग जादा लागतात, त्यांतील ३० वाया जातात. तिन्ही ठिकाणी उथळ पाया घेतला तर आज काहीच जादा लागत नाही, पण एक इमारत चिरते आणि तिच्या दुरुस्तीला, समजा, ४० भाग लागतात. तिन्ही जागा आधी तपासल्या तर प्रत्येकी अर्धा भाग धरून दीड भाग तपासणीचा आणि १५ भाग एका खोल पायाचे, मिळून साडेसोळा. साडेसोळा, चाळीस आणि पंचेचाळीस यांतून निवड करावयाची आहे. गरीब देशाला आणि गरीब गावाला न परवडणारी गोष्ट तपासणी ही नसून अज्ञान ही आहे.

आणि तपासणी करावयाची तर ती वरवरची नको. कॅनडात विनिपेगजवळ ट्रान्सकोना येथे बांधलेले प्रचंड धान्यकोठार १९१३ मध्ये प्रथमच भरले जात असताना खचू लागले आणि एका दिवसात सुमारे २७ अंशांनी कलले. कोठाराचे काँक्रीट इतके उत्तम होते की ते कलले तरी फुटले नाही. पायाच्या तळाशी मातीची चाचणी घेतली होती व ती समाधानकारक ठरली होती. पण तो कठीण थर वरचा होता, त्याखाली मऊ चिकणमाती होती. खाली खडकापर्यंत खांब नेऊन कोठार पुन्हा उभे करावे लागले. वरचे काम कितीही चोख असले तरी खालच्या अज्ञानाची भरपाई त्याने होत नाही.

काय मागावे?

मागणी ‘अधिक निधी द्या’ एवढीच ठेवली तर ती नेहमीच्या मागण्यांच्या ढिगात जाऊन पडेल. तिला नेमकेपणा हवा.

पहिली मागणी: जागा निश्चित करण्यापूर्वी माती पाहिली जावी आणि पर्यायी जागा असतील तर जमीन व पाया यांचा एकत्रित खर्च ग्रामसभेपुढे ठेवावा. फुकटची कन्हार आणि विकतची बरडी यांत स्वस्त कोणती, हे त्यानंतर ठरेल. दोन-तीन मीटर खोल चाचणी खड्डा हे दोन मजुरांचे दोन-तीन दिवसांचे काम आहे. माती किती फुगते हे पाहण्याची मुक्त फुगवट्याची चाचणी तर इतकी साधी आहे, की चाळून वाळविलेल्या मातीचे प्रत्येकी दहा ग्रॅम दोन मोजनळ्यांत, एकीत पाणी व दुसरीत रॉकेल घालून, चोवीस तास ठेवावयाचे आणि आकारमानांची तुलना करावयाची. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यात ती दीडपटीहून अधिक दिसली तर सावध व्हावे. हे काही अंतिम अहवालाची जागा घेणार नाही. परंतु कोणत्या जागेचा सविस्तर अहवाल मागविणे अगत्याचे आहे, ते यावरून कळते. तो अहवाल देऊ शकणाऱ्या प्रयोगशाळा नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी आहेत.

दुसरी मागणी: अंदाजपत्रकाचे दोन भाग करावेत, जोत्यापर्यंतचा आणि जोत्यावरचा. जोत्यावरची रक्कम सर्व गावांना समान व अबाधित असावी. कोणत्याही परिस्थितीत ती खाली वळविता येऊ नये. जोत्याखालची रक्कम त्या त्या जमिनीच्या प्रकाराप्रमाणे असावी आणि प्रत्यक्ष मोजमापावर दिली जावी. समता मोजावयाची ती मुलांना मिळणाऱ्या वर्गखोलीत, शासनाने दिलेल्या धनादेशात नव्हे.

तिसरी: मातीचा अहवाल, अंदाजपत्रक व मोजमाप पुस्तिकेतील पायाच्या नोंदी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावाव्यात. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने ही कागदपत्रे मागण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहेच. परंतु पाया बुजल्यानंतर मागविलेली माहिती ही शवविच्छेदनाचा अहवाल ठरते. पाया उघडा असताना, काँक्रीट पडण्यापूर्वी, गावातील चार माणसांनी खोली मोजावी आणि तिची नोंद करावी.

चौथी मागणी जलाशयांच्या काठच्या गावांसाठी. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराने भंडारा शहरासह जिल्ह्यातील अनेक गावांत पाणी शिरले. जलाशयाच्या फुगवट्यालगत जमिनीतील पाण्याची पातळी चढते आणि भिजलेल्या मातीची भार पेलण्याची शक्ती उतरते. अशा ठिकाणी जुन्या अनुभवावर विसंबून पाया घेता येत नाही. ज्या माणसांना प्रकल्पासाठी आपले घर सोडावे लागले, त्यांच्या नव्या गावठाणातील शाळा व समाजमंदिर तरी चिरणाऱ्या भुईवर उभे राहू नये, ही खबरदारी शासनाचे कर्तव्य आहे. तो उपकार नव्हे.

या मागण्यांसाठी मोर्चा निघेल असे नाही. पायाच्या खोलीवर सभा गाजत नाही. कोनशिलेवर नाव कोणाचे, यावर मात्र गावोगाव भांडणे होतात. पक्षाच्या कार्यकर्त्यांनी यापुढे एक साधा नियम पाळावा. आपल्या भागात सार्वजनिक इमारतीचे भूमिपूजन ठरले, की निमंत्रण हातात आल्यावर पहिला प्रश्न विचारावा: खड्डा खणून पाहिला काय, आणि त्यात काय निघाले? उत्तर मिळाले तर समारंभास जावे. न मिळाले तर एखाद्या जुन्या विहीर खणणाऱ्याला बरोबर घेऊन त्या जागेवर जावे, आणि तो जे सांगेल ते लिहून काढून अभियंत्याच्या हाती द्यावे. जिल्ह्यातील शेतकऱ्याने मातीला चार नावे दिली आहेत. अंदाजपत्रकात निदान त्या चार नावांसाठी एक रकाना असला पाहिजे.